जायंट पेट्रेलच्या मागावर : उशुआया ते हॅना पॉइंट

पहिला दिवस : उशुआया, बीगल सामुद्रधुनी

दक्षिण समुद्राच्या सफरीला बरेच जण जानेवारी निवडतात, कारण तेव्हा पेंग्विनची पिल्लं दिसतात. जायंट पेट्रेल हा मेलेली जनावरं खाणारा मोठा समुद्रपक्षी बघायचा असेल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा जास्त चांगला. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाच्या किनाऱ्यांवर हत्ती सीलचा विणीचा हंगाम तेव्हा संपत आलेला असतो आणि फर सीलचा सुरू होत असतो. जिथे हजारो जनावरं एका वेळी जन्मतात तिथे शेकडो मरतातही. या पक्ष्याचं वेळापत्रक त्या मरणांवरच बेतलेलं आहे.

पहिला पक्षी बहुधा अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदराच्या धक्क्यावरूनच दिसतो. बोटींच्या आसपास बदकासारखा तरंगणारा, मळकट तपकिरी, मानेत आखूड आणि पाठीला किंचित पोक असलेला हा पक्षी म्हणजे दक्षिणी जायंट पेट्रेल. पंखांचा विस्तार साधारण १८५ ते २०५ सेंटीमीटर आणि वजन ३ ते ५ किलो. नर मादीपेक्षा चांगलाच मोठा असतो. साउथ जॉर्जियाचा नर साधारण ५ किलोचा, तर मादी ४ किलोच्याही आत. समुद्रपक्ष्यांत नर-मादीत एवढी तफावत क्वचितच आढळते. ही तफावत लक्षात ठेवावी, पुढे ती वारंवार उपयोगी पडते.

नवख्यांना उडणारा पेट्रेल अल्बाट्रॉस वाटतो. फरक असा: अल्बाट्रॉसचे पंख लांब आणि निमुळते, तो मिनिटेच्या मिनिटे पंख न हलवता जातो. जायंट पेट्रेलचे पंख शरीराच्या मानाने आखूड असल्याने तो मधेमधे चार-सहा ताठ फडके मारतो. चोच फिकट, बोजड आणि डोक्याच्या मानाने अवाढव्य. तिच्या वरच्या बाजूला बसवलेली नाकपुड्यांची नळी दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. अल्बाट्रॉसच्या नळ्या चोचीच्या दोन्ही बाजूंना, लहान आणि सुट्या असतात. गडद रंगाची व्हाइट-चिन्ड पेट्रेलही फिकट चोचीची असते, पण ती आकाराने पुष्कळ लहान.

दुसरा दिवस : फॉकलंडच्या वाटेवर

उशुआया ते फॉकलंडचा पश्चिम भाग हे अंतर साधारण दीड दिवसाचं. पक्षी पाहायला जहाजाचा मागचा डेक उत्तम, कारण पेट्रेल मागून येतात. पंख्यांनी घुसळलेल्या पाण्यातून काय वर येतं याकडे त्यांचं लक्ष असतं. ८ पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. १० पटीची हलत्या डेकवर हातात स्थिर राहत नाही.

वारा असेल तर उडण्याची पद्धत नीट दिसते. लाटेलगत वारा मंद असतो, वर तो जोरात वाहतो. पक्षी वाऱ्याला सामोरा होऊन वर चढतो, वरच्या वेगवान हवेत वळतो आणि वाऱ्यासोबत खाली घसरतो. प्रत्येक फेरीत या फरकातून त्याला गती मिळते. खांद्याच्या सांध्यात पंख पसरलेल्या अवस्थेत अडकवून ठेवणारी स्नायुबंधाची कडी असते, त्यामुळे पंख उघडे ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत. अशी कडी अल्बाट्रॉस आणि जायंट पेट्रेल या दोघांकडे आहे. वारा पडला की मात्र सगळी मिजास उतरते आणि पक्षी पाण्यावर बसून राहतात. उठायचं झालं तर पाण्यावर पाय आपटत बरंच अंतर धावावं लागतं.

अन्न शोधण्यात नाकाचा मोठा वाटा आहे. क्रिलचा (कोळंबीसारख्या लहान समुद्री जिवाचा) अर्क मिसळलेलं तेल पाण्यावर सोडून केलेल्या प्रयोगांत जायंट पेट्रेल आणि केप पेट्रेल त्या तवंगाकडे ओढले गेले. नुसत्या तेलाकडे ते तितके येत नाहीत. त्यामुळे पेट्रेल वाऱ्याच्या उलट दिशेने नागमोडी जाताना दिसला तर तो बहुधा वासाचा माग काढत असतो.

तिसरा आणि चौथा दिवस : फॉकलंड

दक्षिणी जायंट पेट्रेलची जगातली सर्वांत मोठी विणीची संख्या इथे आहे, सुमारे २०,००० जोड्या. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास एलिफंट केज या लहानशा द्वीपसमूहावर एकवटलेल्या आहेत. जहाजं तिकडे प्रवासी उतरवत नाहीत आणि ते योग्यच आहे.

कारण साधं आहे. मोकळ्या जागेत, एकमेकांपासून काही मीटरवर घरटी असतात आणि प्रत्येक घरट्यात एकच अंडं. माणूस जवळ आला की घाबरलेला पक्षी अंडं सोडून उठतो. स्कुआ (लुटारू समुद्रपक्षी) किंवा पट्टेदार काराकारा (शिकारी पक्षी) तेवढी संधी साधतो. गेलेल्या अंड्याच्या जागी त्या वर्षी दुसरं घातलं जात नाही. अंडं गेलं की जोडीचं वर्ष गेलं. पहिली वीण सहा-सात वर्षांच्या वयाआधी होत नाही आणि पुष्कळांची दहाच्या आसपास होते. अशा संथ प्रजातीला दरवर्षीची थोडी थोडी गडबडही महागात पडते. अंटार्क्टिकातल्या टेर अदेली भागात पॉइंट जिओलॉजी इथे संशोधन तळाच्या उभारणीनंतर वसाहत घटून मोजक्या जोड्यांवर आली, हे त्याचं ठळक उदाहरण.

फॉकलंडच्या मेंढपाळांनी एके काळी हा पक्षी मेंढ्यांचा वैरी ठरवला होता. अडलेली, आजारी मेंढी तो खातो हे खरं. पण धडधाकट मेंढीला हात घालणं त्याला परवडत नाही.

चौथ्या दिवशी फॉकलंडची राजधानी स्टॅन्ली. त्याबद्दल इथे फार सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी जहाजावर जैवसुरक्षेची तपासणी होते: बुटांच्या तळव्यांच्या खाचा, पिशव्यांचे कोपरे, जॅकेटच्या चिकटपट्ट्या. गवताच्या बिया सर्वांत जास्त चिकटपट्ट्यांत अडकतात. चिमटा आणि टोकदार काडी जवळ ठेवावी, ब्रशने त्या निघत नाहीत.

पाचवा आणि सहावा दिवस : ध्रुवीय सीमा ओलांडताना

फॉकलंड ते साउथ जॉर्जिया सुमारे १,४०० किलोमीटर. मध्ये कुठेतरी ध्रुवीय सीमा लागते. थंड पाणी तिथे उबदार पाण्याखाली सरकतं आणि पृष्ठभागाचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. बहुधा धुकंही पडतं. इथून पुढे जायंट पेट्रेलच्या दक्षिणी आणि उत्तरी या दोन्ही जाती एकत्र दिसू लागतात आणि खरी परीक्षा सुरू होते.

१९६६पर्यंत या दोन जाती एकच मानल्या जात. ओळखायची खूण चोचीच्या टोकावर आहे. दक्षिणीचं टोक फिकट हिरवट, उत्तरीचं तांबूस-तपकिरी. लांबून उत्तरीच्या चोचीला गडद टोक असल्यासारखं वाटतं, तर दक्षिणीची चोच सबंध एकाच फिकट रंगाची दिसते. प्रौढ दक्षिणीचं डोकं आणि मान पुष्कळदा जवळपास पांढरी होते. उत्तरीच्या डोक्यावर गडद टोपी राहते आणि डोळा बहुधा फिकट राखाडी असतो.

गफलत तीन ठिकाणी होते. दोन्ही जातींची पहिल्या वर्षातली पिल्लं काळपट आणि एकसारखी असतात, चोचीच्या टोकाचा रंगही कच्चा असतो. मावळतीच्या पिवळ्या उजेडात हिरवट टोक तपकिरी दिसतं. आणि नुकताच जेवून उठलेल्या पक्ष्याच्या चोचीवर रक्त सुकलेलं असतं, तेव्हा दक्षिणीही उत्तरी वाटतो. म्हणून फोटो घेताना एकावर न थांबता अंग वळेल तसे पाच-सहा घ्यावेत आणि शंका राहिली तर वहीत नुसतं ‘जायंट पेट्रेल’ लिहावं. प्रत्येक पक्ष्याला जात चिकटवायचा हट्ट नोंदी बिघडवतो.

दक्षिणीत पूर्ण पांढरे पक्षीही असतात, अंगावर इकडेतिकडे चार काळी पिसं असलेले. हा वयाचा परिणाम नव्हे, ते पिल्लूपणापासून पांढरेच असतात. उत्तरीत हे रूप आढळत नाही, त्यामुळे पांढरा दिसला की ओळखीचा प्रश्नच मिटतो.

सहाव्या दिवशी शॅग रॉक्स लागतात, साउथ जॉर्जियाच्या पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर समुद्रातून वर आलेले सुळके. तिथे शॅग पक्ष्यांची दाटी आणि त्यांच्याभोवती घिरट्या घालणारे पेट्रेल. त्या रात्रीपासून केबिनचे पडदे घट्ट बंद ठेवावे लागतात, कारण उजेडाला भुलून प्रायन आणि डायव्हिंग पेट्रेल हे लहान समुद्रपक्षी जहाजावर आदळतात.

सातवा दिवस : सॅलिसबरी प्लेन

इथे राजा पेंग्विनच्या सुमारे ६०,००० जोड्या आहेत. नोव्हेंबरात गेल्या हंगामातली पिल्लं तपकिरी लोकरीत उभी असतात. हिवाळाभर त्यांना क्वचितच अन्न मिळालेलं असतं, त्यामुळे त्यांच्यातली काही अगदी खंगलेली असतात.

जायंट पेट्रेल इथे चालत येतो. हे साधं वाक्य वाटलं तरी पेट्रेलांच्या घराण्यात ती मोठी गोष्ट आहे. बाकीच्या बहुतेक पेट्रेलांना जमिनीवर घोट्यावर घसटत सरकावं लागतं. याचे पाय भक्कम असल्याने तो उभा चालतो, धावतो आणि पाय रोवून ओढूही शकतो. वसाहतीच्या कडेने तो निवांत फेऱ्या मारतो. पिल्लांचा घोळका त्याच्या चालीसोबत मागेपुढे होतो आणि जे पिल्लू उशिरा हलतं ते त्याच्या नजरेत भरतं. मग मान पकडून झटके. मारायला वेळ लागतो, बघायला अवघड जातं. मोठे पेंग्विन परक्याच्या पिल्लासाठी मधे पडत नाहीत.

म्हणजे हा केवळ मुर्दाडखाऊ नाही. जमिनीवर तो पेंग्विनची पिल्लं मारतो, समुद्रात लहान पक्षी पकडतो, आणि अल्बाट्रॉसला पाण्याखाली दाबून बुडवल्याच्याही नोंदी आहेत. तरीही शिकार ही त्याची दुसरी पसंती. मेलेलं मिळत असेल तर जिवंताशी झटापट कोण करील?

आठवा दिवस : ग्रिटव्हिकन

१९०४ साली कार्ल अँटन लार्सनने इथे व्हेलिंगचं ठाणं उभारलं आणि १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते चाललं. सुरुवातीच्या वर्षांत चरबी काढून घेतलेले व्हेलचे सांगाडे तसेच सोडून दिले जात आणि पेट्रेलांना बारमाही पंगत मिळे. ठाणी बंद झाल्यावर ती संपली. पण त्याच काळात फर सील परतत होते. एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी त्यांचा जवळजवळ नायनाट झाला होता. साउथ जॉर्जियाच्या वायव्य टोकाजवळच्या बर्ड बेटाच्या आसपास उरलेल्या थोडक्यांतून त्यांची संख्या पुन्हा लाखोंवर गेली. त्यांच्या मागोमाग इथले उत्तरी जायंट पेट्रेलही वाढले. २००५ ते २००७च्या गणनेत साउथ जॉर्जियावर उत्तरीच्या सुमारे १५,००० आणि दक्षिणीच्या सुमारे ९,००० जोड्या मोजल्या गेल्या. जगातले बहुसंख्य उत्तरी याच बेटावर वीण करतात.

बेटावरचे उंदीर मारण्यासाठी २०११ ते २०१५ या काळात विषारी आमिष टाकलं गेलं आणि २०१८ साली बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. अशा मोहिमांत मेलेलं खाणारे पक्षी हमखास सापडतात. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर २०१० नंतर अशाच मोहिमेत विष खाऊन मेलेले ससे खाल्ल्याने शेकडो जायंट पेट्रेल दगावले. त्यानंतर माणसं लावून मेलेली जनावरं उचलावी लागली. आमिष टाकण्याआधी ‘मेल्यावर हे कोण खाणार’ हा प्रश्न विचारायचा धडा तिथून मिळाला.

नववा दिवस : सेंट अँड्र्यूज बे

सबंध प्रवासातला हा सर्वांत महत्त्वाचा किनारा. २०२३च्या ऑक्टोबरपासून बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू साउथ जॉर्जियात पोहोचला आहे. आधी स्कुआंत, मग हत्ती सीलांत तो सापडला. त्यामुळे एखादा किनारा बंद असू शकतो आणि मग झोडिअक या रबरी बोटीतूनच पाहावं लागतं. तसं झालं तरी हिरमुसू नये, कारण मेलेल्या जनावराभोवतीचा कारभार पाण्यावरून उलट जास्त मोकळेपणाने चालताना दिसतो.

हत्ती सीलच्या माद्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वितात. त्यांची पडलेली वार हे पेट्रेलांचं हंगामातलं पहिलं खाणं. पाठोपाठ झुंजणाऱ्या नरांच्या अंगाखाली चिरडलेली पिल्लं येतात. नोव्हेंबरच्या अखेरीस आया समुद्रात निघून गेलेल्या असतात. किनाऱ्यावर दूध तुटलेली गुबगुबीत पिल्लं आणि मधूनच एखादं कलेवर उरतं.

कलेवरावर आधी कोण येतं ते पाहावं. अखंड सीलचं कातडं पेट्रेललाही सहज फुटत नाही. तो डोळे, तोंड, गुदद्वार किंवा आधीची जखम यांपासून सुरुवात करतो. भोक पडलं की डोकं आत घालून मानेपर्यंत शिरतो आणि बाहेर येतो तो रक्ताने माखलेला. कातडं उघडायची ताकद इथे याच्याकडेच आहे. तपकिरी स्कुआ, केल्प गल आणि पांढरे शीथबिल हे पक्षी भोवती उभे राहून तुकड्यांची वाट बघतात.

मग येतो मालकी हक्काचा प्रश्न. मुख्य भोकाशी एका वेळी एकच पेट्रेल खातो. बाकीचे दोन-चार मीटरवर बसून असतात. नवा दावेदार शेपूट पंख्यासारखी उभारतो, पंख अर्धे पसरतो, मान पुढे काढून डोकं डावीउजवीकडे झुलवत, खिंकाळल्यासारखा आवाज काढत पुढे येतो. आतला पक्षी पोट भरल्याने सुस्तावला असेल तर काढता पाय घेतो. भुकेला असेल तर छातीला छाती भिडते आणि चोचीने मान धरली जाते. नेहमी मोठाच जिंकतो असं नाही. किती भूक आहे यावर बरंच ठरतं. बराच वेळ पाहिलं तर एकाच जागेवर मालक बदलत जाताना दिसतात. एवढी भाऊबंदकी असूनही गंभीर इजा क्वचितच होते, कारण हा सारा आव प्रत्यक्ष मारामारी टाळण्यासाठीच आहे.

आता इथे माद्या किती आहेत ते मोजून बघावं. चोच आखूड, डोकं गोलसर, बांधा हलका. कलेवराशी त्या थोड्याच दिसतात. बर्ड बेटावरच्या पक्ष्यांना उपग्रहाने शोधता येणारी यंत्रं बसवून पाहिल्यावर चित्र स्पष्ट झालं: विणीच्या काळात नर किनाऱ्याकिनाऱ्याने सील आणि पेंग्विनच्या वसाहती धुंडाळतात, माद्या मात्र शेकडो किलोमीटर दूर खुल्या समुद्रात क्रिल, स्क्विड, मासे शोधतात. जमिनीवरच्या धक्काबुक्कीत त्या मागे पडतात, म्हणून त्यांनी समुद्र धरला. या वाटणीची किंमत कोण मोजतं ते परतीच्या वाटेवर कळतं.

पोट गच्च भरलेल्या पक्ष्याला उडता येत नाही. माणूस किंवा सील अंगावर आला तर तो धावत पाण्याकडे जातो आणि वजन कमी करायला खाल्लेलं ओकतो. म्हणून कलेवराच्या आणि पाण्याच्या मधल्या वाटेवर कधीही उभं राहू नये. साधा नियम प्राण्यांपासून किमान ५ मीटरचा आहे, पण खाणाऱ्या पेट्रेलपासून त्याच्या कितीतरी पट दूर थांबावं. बर्ड फ्लूनंतर बसणं, गुडघे टेकणं आणि पिशवी जमिनीवर ठेवणं बंद आहे. मेलेला किंवा मान वाकडी करून लडखडणारा पक्षी दिसला तर जवळ न जाता जागा आणि वेळ पथकाला सांगावी. रोगाने मेलेलं खाणारा हा पक्षी स्वतः आजारीही पडतो आणि रोग पुढेही नेऊ शकतो.

दहावा दिवस : आग्नेय टोक

इथल्या टसॅक गवताच्या ढिगांआड उत्तरी पेट्रेलची घरटी असतात. उत्तरी आडोसा पाहून सुटासुटा घरटं करतो, तर दक्षिणी उघड्यावर वसाहतीने. साउथ जॉर्जियावर उत्तरी दक्षिणीच्या सुमारे सहा आठवडे आधी अंडं घालतो. त्याचं अंडं उबवणं हत्ती सीलच्या मोसमात सुरू होतं आणि पिल्लू फर सीलच्या विणीच्या सुमारास बाहेर पडतं. वेळेतल्या या अंतरामुळे दोन जातींचा संकर अगदी थोडा होतो.

अंडं सुमारे १० सेंटीमीटर लांब, पांढरं. नर-मादी पाळीपाळीने, एका वेळी अनेक दिवस, साधारण दोन महिने ते उबवतात. पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे पंखाखाली धरतात, मग एकटं सोडून दोघंही अन्नाला जातात. एकट्या पिल्लाचं शस्त्र म्हणजे जठरातलं तेल. खाल्लेल्या भक्ष्यातली चरबी जठराच्या पहिल्या भागात साठून हे नारिंगी, मेणचट द्रव्य तयार होतं. पिल्लासाठी ते सर्वांत पोषक खाद्य, आणि शत्रूवर एखाद-दोन मीटरवरून मारायची पिचकारी. पक्ष्याच्या पिसांवर हे तेल पडलं तर पिसांचा जलरोधकपणा जातो. माणसाच्या जॅकेटवर पडलं तर वास अनेक धुण्यांना दाद देत नाही. पिल्लाने चोच उघडून मान मागे घेतली की पिचकारी आलीच समजावं.

साडेतीन ते चार महिन्यांत पिल्लू उडतं आणि आईबापांशी संबंध संपतो. साउथ ऑर्कनीतल्या सिग्नी बेटावर ओळखीसाठी पायात वाळे घातलेली पिल्लं पश्चिमी वाऱ्यांसोबत जात काही आठवड्यांतच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवर सापडली आहेत.

अकरावा ते तेरावा दिवस : स्कोशिया समुद्र आणि हॅना पॉइंट

स्कोशिया समुद्रात हिमनग वाढत जातात आणि उत्तरी मागे पडतो. साउथ शेटलँडमधल्या लिव्हिंग्स्टन बेटावरच्या हॅना पॉइंटला फक्त दक्षिणी. इथे गवत नाही, म्हणून घरटं म्हणजे खड्यांची उथळ वाटी. पक्षी अजून अंड्यावर असतात. त्यांच्या जागा बंद क्षेत्र म्हणून आखलेल्या आहेत आणि मार्गदर्शक झेंड्या रोवून वाट ठरवतो. बसलेल्या पक्ष्याने डोकं उंच करून एकटक पाहायला सुरुवात केली की आपण आधीच जास्त जवळ आलो आहोत. चोच वाजवणं किंवा उठून उभं राहणं ही त्यापुढची पायरी. तिथपर्यंत येऊ न देता, पाठ न फिरवता सावकाश मागे सरावं.

चौदावा आणि पंधरावा दिवस : ड्रेक पॅसेज

खुल्या समुद्रात जहाजामागे येणाऱ्यांत माद्यांचं प्रमाण जास्त असू शकतं, आणि लाँगलाइन मासेमारीची जहाजंही अशाच पाण्यात असतात. हजारो आमिषांचे गळ लावलेली दोरी पाण्यात सोडताना ती बुडेपर्यंतची काही मिनिटं धोक्याची. पक्षी आमिष धरतो, गळात अडकतो आणि दोरीसोबत खाली जाऊन बुडतो. समुद्रावर पोट भरणाऱ्या माद्या या गळांच्या वाटेत नरांपेक्षा जास्त येतात. मादी मेली की अंडं किंवा पिल्लूही जातं, एकट्या नराला ते पेलत नाही.

उपाय माहीत आहेत आणि ते चालतात. दोरी रात्री सोडायची, लवकर बुडावी म्हणून वजनं लावायची, दोरी सोडताना माशांची आतडी समुद्रात टाकायची नाहीत. जहाजाच्या मागे पाण्यापासून किमान ७ मीटर उंचीवरून १५० मीटर लांबीची झालरीची दोरी ओढायची, जिच्या फडफडत्या पट्ट्या ५ मीटरपेक्षा जास्त अंतरावर नसाव्यात. साउथ जॉर्जियाभोवती विणीच्या महिन्यांत लाँगलाइन बंद ठेवून ती हिवाळ्यात आणल्यावर तिथली पक्ष्यांची हानी जवळजवळ थांबली. नियम न पाळणाऱ्या जहाजांमुळे आणि नियमनाबाहेरच्या पाण्यात ती अजून होतेच.

डेकवरून करता येईल असं एक काम उरतं. पायात रंगीत प्लॅस्टिकचं वाळं असलेला पेट्रेल दिसला तर वाळ्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं वाचण्याची दिशा आणि पाय डावा की उजवा हे लगेच लिहून घ्यावं. जहाजाच्या ब्रिजवरून (जहाज चालवण्याच्या कक्षातून) अक्षांश-रेखांश घ्यावेत. धावत उठणाऱ्या पक्ष्याचे पाय दोन-तीन सेकंदच दिसतात, म्हणून कॅमेऱ्याचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवून सलग फोटो घ्यावेत. धातूचंही वाळं असेल तर ते कोणत्या पायात आहे, हेही नोंदीत लिहावं.